किती मासे?

या सदरातले वाचकांचे अजब अनुभव मी नेहमी वाचते. खरं सांगायचं तर पूर्वी वाचून झाले की मासिक उपडं ठेवायची आणि मनात म्हणायची, यांनी नीट पाहिलेलं नसणार. अंधार असेल, ताप असेल, नाहीतर सांगणाऱ्याला सांगायची हौस असेल. माझं शिक्षण सोलापूरच्या मिशन स्कूलमध्ये झालं, सगळं इंग्रजीतून. तिथं आम्हाला नेचर स्टडी होता. आधी पाहा, मग लिहा, मग बोला, असं आमच्या मिस सांगायच्या. त्यातलं बोलणं मला कधी फारसं जमलं नाही, पण पाहायची सवय मात्र लागली. म्हणून जे मी स्वतः, दिवसाढवळ्या, ताप नसताना पाहिलं, तेवढंच लिहिते. माझं मराठी शाळेतलं नाही, तेव्हा कुठं चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. आणि नाव छापू नये. सासरी आवडणार नाही.

गाव लोहाऱ्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. तेव्हा इकडं निजामाचं राज्य होतं आणि युद्ध चालू होतं. रॉकेल, साखर सगळं कंट्रोलवर. माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. नवरा हैदराबादेत शिकत होता, सुट्टीत तेवढा यायचा. घरात सासरे, सासू आणि मी. सासऱ्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. पुढच्या बाजूला त्यांचं किराण्याचं दुकान, मागं घर. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. आमचं घर लिंगायतांचं, गळ्यात लिंग, आणि खाण्यातलं ‘तसलं’ काही दारातून आत येणं सोडाच, बोलण्यातसुद्धा यायचं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

मी कमी बोलते हे अव्वांच्या आल्या दिवशीच लक्षात आलं होतं. त्या शेजारणीला सांगायच्या, "आमची मडम लई शिकलीया. इतकी, की बोलायचंच इसरलीया." हे त्या माझ्यासमोरच म्हणायच्या आणि हसायच्या. मीही हसायची. उत्तर सुचायचं रात्री, अंथरुणावर.

त्या गावात मी ज्या एकाच बाईशी बोलायची, ती गुजाबाई. गुजाबाई भोयाची. गावाबाहेर मोठं तळं होतं आणि तळ्याच्या काठाला भोयांची चार-पाच घरं. पावसाळ्यात-हिवाळ्यात जाळं टाकायचं, उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळात खरबुजं-टरबुजं लावायची, असं त्यांचं वर्ष. गुजाबाई मागच्या दाराला यायची, चांगल्या वर्षी खरबुजं घेऊन. ती बोलायची, मी ऐकायची, आणि तिला ते पुरायचं. "बाई, तुमच्याशी बोललं की कसं इहिरीत बोलल्यावानी वाटतं," ती एकदा म्हणाली. "आवाज खाली जातुया, पर पोचतुया."

पण मी आले त्या वर्षी खरबुजं नव्हतीच. दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. आदल्या उन्हाळ्यात तळं तळापर्यंत आटलं, त्या पावसाळ्यात जेमतेम गुडघाभर भरलं, आणि दिवाळीनंतर पुन्हा कोरडं. मधे एका लग्नाला म्हणून आम्ही तेरला गेलो होतो, तर तिथंही तेरणा नदीत वाळूच वाळू. भोयांची बाकीची घरं एकेक करून उठून गेली. गुजाबाई आणि तिचा नवरा सटवाजी, एवढेच राहिले.

वैशाखात एक दिवस गुजाबाई मागच्या दाराशी येऊन बसली. हातात काही नव्हतं.

"उद्या निगालो आमी, बाई. गफूरचाचाची बैलगाडी सांगितलीया."

"कुठं?"

"तुमच्याच गावाला. सोलापूरला. भाऊ हाय माजा, गिरणीत." थोडं थांबून तिनं विचारलं, "सोलापुरात तळं हाय न्हवं?"

आहे. पण ते देवाचं तळं. तिथं जाळं कोण टाकू देणार? आणि भाऊ राहतो त्या चाळी मला माहीत होत्या. माझे वडील गिरणीत हेडक्लार्क. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं. मी नुसतं "आहे" म्हणाले.

"पाऊस येईल की यंदा," मी म्हणाले. "थोडं थांबलात तर..."

"पाऊस यील बाई. पानी बी यील. पर पान्यात काय असंल?" ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "बी मेलंया तळ्याचं. दोन साल सुकलं. एक पिल्लू न्हाय ऱ्हायलं गाळात. नुसतं पानी बघत बसायला आमी काय म्हसरं हाव?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्रीही सुचलं नाही.

दुसरा दिवस. आता हे मी अगदी जसं दिसलं तसं लिहिते.

आमच्याकडं घरांना वरून माळवद असतं. लाकडावर माती घालून केलेलं सपाट छप्पर, वर पांढरी माती चोपलेली. उजेड आणि धूर यांच्यासाठी माळवदाला एक भोक ठेवतात, त्याला साणं म्हणतात. आमचं साणं बरोबर चुलीच्या वर होतं, त्यामुळं वरची बाई आणि खालची बाई त्यातून बोलू शकायच्या. सकाळी न्याहारी झाल्यावर मी वाळवण घालायला वर गेले. आदल्या दिवशीच्या कुरडया दोन धोतरांवर पसरल्या. जाताना अव्वांनी हटकलं होतं, "बुगडीची फिरकी ढिली झालीया तुझी. वर पाडून यिशील. आईनं घातलेलं सोनं हाय, ध्यान ठेव."

ऊन कडक. आभाळ पांढरट, ढग म्हणाल तर एक नाही. वारा नाही. शेजारच्या माळवदावर मिरच्या वाळत होत्या, त्यांतली एकही हलत नव्हती. मला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की कावळे गप्प झाले. मग अंगावरून सावली गेली... दोरीवरचं लुगडं कुणी सर्रकन ओढून घ्यावं, तशी. मी वर पाहिलं. काही नव्हतं. पण हवा गार झाली होती, आणि वास आला. शेवाळाचा. आमच्या शाळेच्या हौदाला यायचा तसा.

थप्.

कुरडयांवर काहीतरी पडलं. मला वाटलं कुणी लिंबाची डहाळी फेकली. मग थप्, थप्, थप्... माझ्या पुढं, मागं, साण्याच्या कडेला. एक माझ्या खांद्यावर आपटून पायाशी पडलं. थंडगार होतं. आणि ते उडत होतं, म्हणजे पंखांनी नाही. जागच्या जागी.

मासे होते. बोटाएवढे, काही वितीएवढे. चांदीसारखे. जिवंत.

मी ओरडले. लग्न झाल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच ओरडले असेन. साण्याशी वाकून ओरडले, "अव्वा! मासे पडले! मासे!"

खालून अव्वांचा आवाज आला, "किती?"

मला नवल वाटलं. इतक्या शांतपणे किती म्हणून विचारतात? "खूप!" मी म्हणाले. "मोजता येत नाहीत!"

"मोजता येत न्हाईत म्हंजी? एका बुगडीत असं किती मासे असत्यात? का पाटली बी पडली?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या घरात मासे म्हणजे एकच... तोळ्या-माशातले मासे. सोनाराच्या काट्यावरचे. दुसरे मासे अव्वांच्या जन्मात त्या छपराखाली कुणी उच्चारलेच नव्हते.

"तसले नाही अव्वा! वरून पडले! आभाळातून!"

"आभाळातनं सोनं?" आणि मग त्यांनी दुकानाकडं तोंड करून जी हाक मारली, ती मला वर ऐकू आली, गल्लीला ऐकू आली, आणि मला वाटतं वेशीपर्यंतही गेली. "अवं, ऐकलंव का! पोरीचं सोनं पडलं माळवदावर! मासं मोजंना झाल्यात म्हनती!"

तेवढ्यात साण्याच्या कडेचा एक मासा उसळला आणि भोकातून खाली गेला. खाली अव्वा भाकरीचं पीठ मळत होत्या. तो थेट परातीत.

त्यानंतर खालून जे ऐकू आलं ते कानडी होतं, आणि मी ते लिहिणार नाही.

अव्वा वर आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना पीठ होतं. जिन्याच्या तोंडाशी त्या थांबल्या. पडणं तोवर थांबलं होतं. किती वेळ चाललं असेल? माझ्या अंदाजानं दूध उतू जायला लागतो तेवढाच. माळवदभर मासे तडफडत होते, आणि ऊन पुन्हा तसंच होतं, जसं काही झालंच नाही.

"ह्ये काय गं?"

"मासे."

"...ह्ये मासे व्हय." त्यांनी डोळे मिटले. "शिवा, शिवा, शिवा. माज्या कुरडया."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. अव्वा पदर सावरून भिंतीला टेकल्या. त्यांना शिवायचं नव्हतं. त्यांचा पाय मागं सरत होता आणि डोळे मात्र त्या माशांवरून हलत नव्हते. एक मोठा मासा त्यांच्या पायाजवळ तोंड उघडत होता, मिटत होता.

"तहानलंय त्ये," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "मरतील गं. आपल्या माळवदावर मरतील."

मी काही विचार केला नाही. वर पाण्याचा एक हंडा होता, हात धुवायला आणलेला. मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी तो मासा उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. तो हातातून सटकला, पुन्हा उचलला, हंड्यात टाकला. मग दुसरा. मग तिसरा. थोड्या वेळानं अव्वा पायानं, लांबून, पदर तोंडाला लावून, एकेक मासा माझ्याकडं लोटू लागल्या. "ह्यो बघ. आन् त्यो, कुरडईखाली गेलाय. बिनडोक हाय, तिथं काय पानी हाय व्हय?"

इकडं हाकेचं काम सुरू झालं होतं. दुकानात तीन-चार गिऱ्हाईकं होती. त्यांनी ऐकलं, ‘सोनं पडलं.’ गल्लीत गेलं, ‘माळवदावर सोनं पडलं.’ वेशीत पोचलं तेव्हा, ‘अप्पाच्या घरावर आभाळातनं सोन्याचा पाऊस.’ मी मासे वेचून हंडा घेऊन खाली येते तो अंगणात निम्मं गाव. लेकरं, म्हातारे, सोनार तर काटा घेऊनच आला होता.

आणि सगळ्यांच्या पुढं गफूरचाचा. दम लागलेला, हातात बैलांचा कासरा तसाच, फक्त त्याला बैल नव्हते.

"सोना किधर है जी? मेरेकू बोले सोना गिऱ्या करको!"

मी हंडा खाली ठेवला. चाचांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ये तो मछली है."

"व्हय," अव्वा म्हणाल्या. "घ्या आता काट्यावर."

अंगणात जे हसू फुटलं ते मला अजून ऐकू येतं. सोनारानं काटा पाठीमागं लपवला. कुणी म्हणालं जर्मनचं विमान गेलं, त्यानंच टाकले. "जर्मनला काय खुळ लागलंय का," दुसरा म्हणाला, "इतक्या लांब येऊन लिंगायताच्या घरावर मासळी टाकायला? टाकायची तर माझ्या घरावर टाकली असती." अप्पा मात्र हसत नव्हते. ते दुकानाच्या दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा मला वाचता येत नव्हता.

तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला. "गफूरचाचा! अवं बैलं उनात उबी हैत! वेशीत आमची गाडी टाकून कुठं उलथलात?"

गुजाबाई. डोक्यावरचा पदर घट्ट बांधलेला, प्रवासाला निघालेल्या बाईसारखा. मागं सटवाजी. त्यांची गाडी भरून वेशीबाहेर पडत होती. सोन्याचं ऐकून चाचा जू सोडून पळाले, आणि ही दोघं त्यांना शोधत आली. नाहीतर ती त्या वेळी लोहाऱ्याच्या रस्त्याला लागली असती. हे मी पुन्हा पुन्हा मनात मांडून पाहिलं आहे.

"गुजाबाई," मी म्हणाले. एवढ्या लोकांसमोर माझा आवाज कसा निघाला माहीत नाही. "इकडं या. हे पाहा."

ती आली. हंड्यात पाहिलं आणि गपकन खालीच बसली.

"जित्ते हैत," ती म्हणाली.

सटवाजी तिच्या खांद्यावरून वाकला. "कोळशी जातीचे हैत."

"खवल्या हैत."

"मला सांगतीस?"

"मंग कुनाला सांगू? डोळं हैत का तुला?"

दोघं भांडत होती आणि दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग गुजाबाईनं मान वर करून विचारलं, कुठून आणले? मी वर बोट केलं. तिनं वर पाहिलं, मग माझ्याकडं. खरं-खोटं विचारलं नाही. तिनं एवढंच म्हटलं, "बी हाय ह्ये."

मला कळलं. मी अव्वांकडं वळले. आता हे माझ्यावर होतं, कारण गुजाबाई ते मागणार नव्हती. मागायची तिची पायरी नव्हती. मी म्हणाले, "अव्वा, तळ्यातलं माशांचं बी मेलं म्हणून ही दोघं गाव सोडून चाललीत. पाऊस पडेपर्यंत हे मासे जगले तर तळ्यात सोडता येतील. मग त्यांना जावं लागणार नाही. पण तोवर ठेवायला पाणी पाहिजे. गावात पाणी आहे ते आपल्या आडात."

सलग इतकी वाक्यं मी त्या घरात बोलले नव्हते. अव्वा माझ्या तोंडाकडं पाहत राहिल्या.

आमचा आड परसात होता. खोल, दगडी, त्या दुष्काळातही पुरुषभर पाणी राखलेला. त्याच पाण्यानं घरातली शिवपूजा व्हायची.

अप्पा पहिल्यांदाच बोलले. "काय बोलतीस, पोरी? लिंगवंताच्या आडात मासळी? उद्या लोक दुकानाची पायरी चढायचे न्हाईत. सोयरे पानी पिनार न्हाईत आपल्यात."

गुजाबाई उठू लागली. "न्हाय अप्पा, ऱ्हाऊ द्या. तुमच्या धरमात..."

"बस तू," अव्वा म्हणाल्या. मग अप्पांना, "मासळी ताटात आली तर धरम बुडतुया. आडात कसा बुडंल? सोलापूरला देवाच्या तळ्यात काय मासं न्हाईत? त्या पान्याचं तीरथ घेताव न्हवं तुमी?"

अप्पांनी टोपी मागं सारून कपाळ पुसलं.

"आन् ऐक गं, भोयनी." अव्वांनी पिठाचं बोट गुजाबाईवर रोखलं. "ह्ये मासं आमच्या घरावर आल्यात. पाव्हनं हैत. ह्यांस्नी खायचं न्हाय, इकायचं न्हाय. तळ्यात सोडल्यावर जाळ्यात घावलं तर परत सोडायचं. कबूल?"

"आन् त्यांची पिल्लं?" सटवाजीनं भीत भीत विचारलं.

"पिल्लांचं मला काय सांगू नका. मी ऐकलं न्हाय."

गुजाबाई पदरानं तोंड पुसत हसली. कालचं हसणं नव्हतं. "अव्वा, बियान्याला हात कोन लावतंय? उपाशी कुनबी बी पेरायची जवारी खात न्हाय."

हे गावाला समजलं. बियाणं कुणी खात नाही. अंगणातल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, आणि मला वाटतं त्या शब्दानंच अप्पांना हरवलं. ते भुसार माल विकायचे, बियाण्याची जोंधळ्याची पोती दरवर्षी वेगळी ठेवायचे, त्यांना कोण काय सांगणार? त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "पोहरा सावकाश सोडा. आपटाल."

चाचा कासरा खांद्यावर टाकून निघाले. "सोना बी नै, सवारी बी नै," ते दारातून म्हणाले. "चलो, सामान उतार लेता मैं. अल्ला का काम, किसकू बोलना!"

त्या उन्हाळ्यात आडाचं पाणी आमच्या घरानं मापून वापरलं. अव्वांनी दोन दिवस सोवळ्या-ओवळ्याचं खूप केलं. मला डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं, सगळ्या कुरडया उकिरड्यावर टाकल्या, परात राखेनं घासघासून पातळ केली. सोयऱ्यांपैकी एका घरानं खरंच आमच्याकडं पाणी पिणं सोडलं, ते काही महिने. पण तिसऱ्या दिवशी मी सकाळी परसात गेले तर अव्वा आडात वाकून भाकरीचा चुरा टाकत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "उरला हुता." त्या घरात भाकरी कधी उरत नाही.

पाऊस आला, उशिरा, पण आला. तळं अर्ध्याच्या वर भरलं. श्रावणात गुजाबाई आणि सटवाजीनं आडात टोपलं सोडून मासे काढले. बहुतेक जगले होते, वाढलेही होते. माझ्या हंड्यातूनच ते तळ्यावर गेले. किती, ते अव्वांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा मोजले नाहीत. पुढच्या वर्षी तळ्यात पिल्लं दिसली. त्याच्या पुढच्या वर्षी सटवाजीचं जाळं पाण्यात पडलं. आता भोयांची आणखी दोन घरं परत आली आहेत. राज्यही बदललं आहे.

मधे सोलापूरला गेले तेव्हा मी शाळेत जाऊन आमच्या मिसना हे सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, यात विशेष काही नाही. पाण्यावर भोवरा उठतो, वर खेचतो, लांब नेऊन टाकतो. जगात पुष्कळ ठिकाणी झालेलं आहे.

मी विचारलं, "पण मिस, पाणी कुठं होतं?"

आमचं तळं कोरडं. तेरणा कोरडी. मासे असतील असं पाणी थेट भीमेला, कितीतरी कोसांवर. एवढ्या लांबून आले तर जिवंत कसे, आणि इतके गार कसे? भोवरा असेल तर शेजारची मिरची का हलली नाही? पाणी का पडलं नाही? प्रत्येक मासा पडला तिथं त्याच्याएवढाच ओला डाग होता, आणि बाकी सगळं माळवद धुळीसारखं कोरडं. दोन माळवदांच्या मधे जेमतेम हातभर उंचीचा कठडा, पण पलीकडच्या माळवदावर एक मासा नाही.

मिस म्हणाल्या, "कुठंतरी असेल पाणी." त्यांचा आवाज प्रेमळ होता. पण मला आठवलं, वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर त्यांनी त्याला उभं केलं असतं.

माझ्याकडं एक्स्प्लनेशन नाही. वाचकांपैकी कुणाकडं असलं तर जरूर लिहावं, मी खरंच वाट पाहीन. भूत, देव, चमत्कार यांतलं काही मी आजही मानत नाही. फक्त अशा गोष्टी वाचून झाल्या की आता मासिक उपडं ठेवत नाही.

एक राहिलं. श्रावणात आडातून मासे काढले तेव्हा एक काही केल्या टोपल्यात आला नाही. सटवाजी दोनदा खाली उतरला, शेवटी हात जोडून वर आला. तो अजून आहे. आता कोपरापर्यंत लांब झाला आहे. कडक लिंगायत घर आमचं, पण पोहरा सोडण्याआधी अव्वा कठड्यावर दोनदा तांब्या वाजवतात आणि आत वाकून म्हणतात, "पाव्हनं, सरका."

तो सरकतो. मग पोहरा खाली जातो.